ठकूकाकीची उतरंड

ठकूकाकी कोणाच्याही घरी गेली की तिची नजर आधी चुलीमागे जायची. माणसे मागून. तिथे एखादे मडके झाकणाविना दिसले की ती उभ्या उभ्या विचारायची, "हे काय हाय वं? कवाचं हाय? सारत कावून नाई?" घरच्या बाईने तोंड उघडायच्या आत काकीचा हात मडक्यात गेलेला असे. बोट आधी नाकाशी, मग जिभेवर, आणि लगेच निकाल: "आज सांजीले रांध. उद्या फेकशीन." बाया तोंडावर हसत, पण ती वळणावर दिसली की आपापली झाकणे शोधू लागत. आमच्या गावात चोराचा एवढा धाक नव्हता.

ती माझी चुलतसासू. आमचे अंगण एक आणि चुली दोन. मी अमरावतीची, लग्न होऊन हिवरखेडपासून दोन कोसांवरच्या या गावात आले. पहिल्या दिवशी बाया माझे तोंड पाहायला जमल्या होत्या. कोणी नाक सरळ आहे म्हणाले, कोणी रंग जरा कमी आहे म्हणाले. मला भूक लागली होती आणि लाजही वाटत होती, म्हणून ताटातला लाडू अर्धा खाऊन अर्धा बाजूला ठेवला होता. काकीने पदर वर करून माझे तोंड पाहिलेच नाही. तिने ताट पाहिले आणि म्हणाली, "पोरी, फोडला तं सार." सार, म्हणजे संपव. सासरच्या माणसाने माझ्याशी बोललेले हे पहिले वाक्य. मी डोळ्यांत पाणी आणून तो अर्धा लाडू खाल्ला.

पुढे कळले की हे वाक्य तिच्या तोंडी दिवसातून दहा वेळा यायचे. भाकर मोडली, मडके उघडले, भांडण काढले, सगळ्याला नियम एकच: फोडलं तं सारलं. अर्धवट काही ठेवायचे नाही. लिंबू पिळले की त्याच्या सालीने ती पितळेचा तांब्या घासायची, मग साल उन्हात टाकायची आणि वाळली की चुलीत घालायची. एकदा मी गमतीने विचारले, "अन् राखेचं काय करता काकी?" ती म्हणाली, "राख बियाण्यात. किडे नाई लागत." मी पुन्हा विचारले नाही.

तिचे खरे वैभव म्हणजे तिची उतरंड. चुलीच्या खोलीत तीन उतरंडी होत्या, प्रत्येकीत नऊ मडकी, खाली थोर आणि वर धाकटी, प्रत्येकाचे तोंड शेणमातीने लिंपलेले. वांगी, गवार, मेथी, कारली, जे जे उन्हाळ्यात वाळेल ते ती वाळवायची. वाळल्या भाजीला आमच्याकडे खुला म्हणतात. खुला, कुरडया, मुंगवड्या, चिंच, तीळ, जवस, सगळे त्या मडक्यांत. तिला लिहिता येत नव्हते, तेव्हा कोणालाच येत नव्हते. मीही अक्षर शिकले ते पुढे अकोल्यात. पण काकीची स्वतःची बाराखडी होती. गेरूत बोट बुडवून ती प्रत्येक मडक्याच्या पोटावर ठिपके, रेघा, चांदण्या काढायची. दोन ठिपके आणि आडवी रेघ म्हणजे वांग्याचा खुला, मागच्या सालचा. चांदणी म्हणजे तीळ. आपण विचारले तर सांगायची नाही. म्हणायची, "तुले कायले पाह्यजे? तुह्या घरची तू काढ."

आता हे सगळे ज्या वर्षांत झाले ती वर्षे कापसाची. साता समुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली होती आणि तिकडचा कापूस विलायतेला जाईना. आम्हा बायांना त्या मुलखाचे नावही धड घेता येत नसे. पण लढाई त्यांची आणि जत्रा आमची, असे झाले. वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला की माणसे झोपेत हसू लागली. काकीचा नवरा, दौलतकाका, मूळचा साधा माणूस. त्याने बैलांच्या गळ्यात चांदीची घुंगरे घातली. एक काळी छत्री आणली आणि ती तो कोवळ्या उन्हातसुद्धा उघडून बसायचा. घरात गुळाच्या जागी साखर आली. लोकांनी जिथे माती दिसेल तिथे कापूस पेरला, दारच्या वांग्याच्या वाफ्यातही पेरला, आणि मग वांगे आणायला बाजारात गेले.

काका दर बाजाराला हिवरखेडला बैलांचे खाचर घेऊन जायचा आणि भरून आणायचा. घरी उतरंड गळ्यापर्यंत भरलेली, आणि वरून बाजाराचे ढीग. ताजी भाजी दिसली की खुला कोण खातो? काकी कुढायची. "वरतून नवं येते, खालचं कुजते," ती मला सांगायची, आणि एखादे मडके पोटच्या लेकरासारखे थोपटायची.

त्या साली पावसाच्या तोंडी ती लेकीच्या बाळंतपणाला अकोल्याला गेली. परतली ती चिंचेच्या वावराच्या वाटेने, आणि वाटेतच थबकली. चिंचेचे वावर म्हणजे त्यांचे घराजवळचे काळ्याभोर मातीचे शेत. तिथे काकीची ज्वारी व्हायची. तिचे बियाणे तिने लग्नात माहेरून आणले होते. दाणा टपोरा आणि गोड, भाकर दुसऱ्या दिवशीही मऊ राहायची. बाहेर कुठे ते बियाणे मिळत नसे. तर त्या वावरात काकाने तिच्या माघारी कापूस पेरला होता.

काकी आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. वाढताना ताट थोडे जोरात ठेवायची, एवढेच. काकाला वाटले, विझले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो ओसरीवर छत्री उघडून बसला आणि म्हणाला, "नामाचे माय, पुढच्या सालीबी तेथी कापूसच लावू म्हनतो."

नामा त्यांचा थोरला मुलगा. काकी भाकर थापत होती, ती थांबली.

"अन् खासान काय? बोंडं?"

"बाजार मेला काय? पैसा हाय, बाजार हाय."

"बाजारात ज्वारी कोन आनीन? समद्यायनं तं कापूस पेरला."

"तू कायले फिकीर करून राहिली? तुह्याच्यानं बाजाराबिगर एक महिना तरी घर चालते काय आता?"

मी अंगणात तांदूळ निवडत होते. माझे हात आपोआप थांबले, कारण काकी उठून ओसरीवर आली होती, पिठाच्या हातांनी.

"महिना? आखाजीपावतर चालवते. घरात जे हाय त्याच्यात. मीठ सोडून बाजारचा एक दाना नाई. चालवलं तं चिंचेचं वावर ज्वारीचं. नाई चालवलं तं तुमी तेथी कापूस पेरा, अन् माह्या चुलीवरबी पेरा."

काका इतका हसला की छत्री कलंडली. दसऱ्यापासून आखाजीपर्यंत सहा महिन्यांच्या वर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सालदार बदलतात आणि कोणत्या वावरात काय पेरायचे तेही तेव्हाच ठरते. म्हणून मुदत ती. काकाने अंगणात माझ्याकडे पाहून म्हटले, "यमुने, तू साक्षी." मी मान हलवली. मला मनातून वाटत होते की काकी तोंडघशी पडणार.

काकीने पैज उगाच लावली नव्हती. मागच्या सालच्या ज्वारीची कणगी अर्धी भरलेली होती. तिने ती टोपल्याने मोजली, माणसे मोजली, मडकी मोजली. सगळे बरोबर आखाजीला येऊन संपत होते. सत्तावीस मडक्यांपैकी एक मात्र तिने हिशेबात धरले नव्हते. त्यात चिंचेच्या वावराचे बियाणे होते, राखेत घोळून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेले. ज्वारीचे बियाणे एक पावसाळा काढते, दुसरा काढत नाही. तो एक पावसाळा कापसाने खाल्ला होताच. येत्या मृगाला ते मातीत गेले नाही तर काकीची माहेरची ज्वारी कायमची गेली.

हे ती मला एकटीला बोलली. आणि मी काय केले ते आता सांगते, कारण लपवून उपयोग नाही.

दिवाळीच्या आधी काकी दोन दिवस शेतात वेचणीला जात होती. घरी तिची नवी सून, चंद्रा, होती. चंद्राला सासूला खूश करायचे होते. मला अमरावतीची टापटीप दाखवायची होती. आम्ही दोघींनी मिळून तिन्ही उतरंडी खाली उतरवल्या, प्रत्येक मडके ओल्या फडक्याने खसाखसा पुसले, पांढऱ्या मातीने पोतारले, आणि सारखे सारखे पाहून पुन्हा रचले. काय सुरेख दिसत होती खोली! सत्तावीस पांढरीशुभ्र मडकी. एकावर कुठे गेरूचा डाग नाही.

काकी आली, दारात उभी राहिली, आणि तिथेच उंबरठ्यावर खाली बसली.

"काकी, पाहा कसं झाकपाक केलं," मी म्हणाले.

तिने तिन्ही उतरंडींवरून नजर फिरवली. मग हळूच म्हणाली, "तुमी मडके नाई पुसले वं माय. माहा मेंदू पुसला."

तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. चंद्रा रडायला लागली. मीही लागले असते, पण मी वयाने मोठी होते. चंद्रा सासूला मामी म्हणायची; ती हुंदके देत म्हणाली, "एकेक उघडून पाहू ना मामी, अन् पुन्हा लिंपू." काकी म्हणाली, "हवा आत गेली का किडेबी आत गेले. फोडलं तं सारलं." एवढ्यात काका खोलीत डोकावला. प्रकार कळल्यावर त्याने आम्हा दोघींना साखरेचे दोन दोन खडे दिले.

आणि मग त्या घरात जेवण म्हणजे सोडत झाली. काकी वरचे मडके काढायची, कानाशी धरून हलवायची, बोटाने टकटक करायची आणि ठामपणे म्हणायची, "मुंगवड्या." फोडल्यावर वांग्याचा खुला निघायचा. अकरा दिवस वांग्याचा खुला. मग पुन्हा टकटक, पुन्हा "आता मुंगवड्याच," आणि पुन्हा वांग्याचा खुला, आधीच्या सालचा. काका जेवायला बसताना देवाचे नाव घेऊ लागला. प्रत्येक मडक्याचे तोंड फोडण्याआधी काकी डोळे मिटायची. बाकीच्यांना वाटायचे, देवाला आठवते. मला ठाऊक होते, ती म्हणत असायची, बियाणं नको निघू दे.

पौषात चिंच निघाली. मडकेभर चिंच. आता चिंच कशी सारायची? नियम तर नियम. वरणात चिंच, भाजीत चिंच, कढीत चिंच. घरातल्या माणसांचे दात इतके आंबले की नामा भाकर कुस्करून गिळू लागला. तरी चिंच उरलीच. मग काकीने घरातले सगळे तांबे-पितळ घासले, माझे घासले, शेजारणींचे बोलावून घासले, देवळातली घंटा घासली. शेवटी बैलांच्या गळ्यातली घुंगरे काढून घासली. बैल गावातून निघाले की लोक डोळ्यांवर हात धरत. काका मनातून खूश झाला, पण ते कबूल कसे करणार?

माघ संपत आला तरी काकी बाजाराला गेली नाही, तेव्हा काकाला काळजी वाटू लागली. आणि मग त्याने लबाडी सुरू केली. तो पाहुणे आणू लागला. वाटेने बैरागी दिसले, आण घरी. पिंजारी वाट चुकला, आण घरी. कोणा दूरच्या मावसभावाचा सासरा, ज्याला काकाने स्वतःही कधी पाहिले नव्हते, तो चार दिवस राहून गेला. दारी आलेल्याला उपाशी पाठवायचे नाही हे काकीचे व्रत काकाला पुरते ठाऊक होते. ती निमूट वाढायची. पण रोज संध्याकाळी कणगीत हात घालून तळ किती राहिला ते पाहायची, आणि तिचा हात रोज अधिकाधिक खोल जायचा.

फाल्गुनात त्याने मोठा डाव टाकला. खामगावच्या बाजारातला एक बडा दलाल, सोबत त्याची पाच माणसे, आधी न सांगता ऐन जेवणवेळी आणून ओसरीवर बसवली. त्या दिवसांत दलाल म्हणजे जावयाहून मोठा. काका आत येऊन हसत म्हणाला, "नामाचे माय, पुरन लागीन. साखर लागीन. धाडू काय कोनाले हिवरखेडले?"

काकीने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "चंद्रे, ते मडकं काढ."

टकटक केली नाही. फोडले. कारल्याच्या काचऱ्या.

चंद्राने कपाळाला हात लावला. दलालाला कारले! मी म्हटले, "काकी, माह्या घरी थोडी साखर हाय..." तिने मला अशा नजरेने पाहिले की साखर माझ्या तोंडातच विरघळली. तिने काचऱ्या तेलात कुरकुरीत तळल्या, काहींना उरलेली चिंच आणि डब्याच्या तळाचा गूळ लावला, तिळाचे कूट घातले. ज्वारीची भाकर, लसणाचा ठेचा. ताटे बाहेर गेली. काका छत्री मिटून भिंतीकडे तोंड करून बसला.

बाहेर काचऱ्या कुरकुरल्या. मग दलालाचा आवाज आला, "बाई, आनखीन हाय काय हे?"

तो सात भाकरी जेवला. पान खाताना त्याने डोळे पुसले. म्हणाला, "दौलतराव, तीन महिने झाले, ज्या घरी जातो तेथी पुरनपोळी. सकाळी पुरनपोळी, सांजीले पुरनपोळी. तोंडाचा शिरा झाला होता माह्या. आज जेवलो बाप्पा." निघताना त्याने काकीला दारातूनच हात जोडले. काकाचा कापूस त्याने चांगल्या भावाने उचलला. काकाला आनंद मानावा की दुःख, ते त्या रात्रीपर्यंत ठरेना.

तरी पाहुण्यांनी त्यांचे काम केलेच होते. आखाजीला तीन दिवस उरले आणि कणगी उताणी पडली. काकीने ती आतून झाडूने झाडली, ओंजळभर पीठ निघाले. सव्वीस मडकी अंगणात पालथी घालून ठेवली होती. एकच उभे होते, आणि ते फोडून दाखव म्हणून काका अडून बसला होता. काकीने ते स्वतः मांडीवर घेतले. चंद्रा, मी, नामा आणि काका, सगळे भोवती. तिने माती टोकरली, झाकण काढले, आणि राखेचा आणि वाळल्या कडुलिंबाचा वास आला.

काकाने ओंजळ घातली. राख बोटांतून गळाली, दाणे राहिले. टपोरे, मोत्यासारखे. "निघाली की ज्वारी! तीन दिसाले पुरते. दळा."

"हे बियानं हाय," काकी म्हणाली.

"ज्वारीच तं हाय."

"बियानं हाय."

काका आता जिंकत आला होता, आणि जिंकत आलेल्या नवऱ्याइतके वाईट दुसरे काही नाही. तो म्हणाला, "तूच म्हनते ना, फोडलं तं सारलं? मंग सार. नाईतर पिशवी घे अन् चाल बाजारात."

मला तेव्हा त्याचा फार राग आला, आजही येतो. बाईच्या जन्मभराच्या वाक्याने बाईलाच बांधले. दाणे शिजवावे तर वावर मिळेल, पण त्यात पेरायला काही नाही. दाणे राखावे तर बाजार, आणि वावर गेले. काकी मडक्यात पाहत बसली. मग तिने झाकण ठेवले.

"सारीन. पेरून सारीन. मडकं रिकामं झालं म्हंजे झालं."

"अन् तीन दिस?"

"तीन दिस मी पाहीन."

मी घरी धावले आणि पदराखाली सूपभर पीठ घेऊन मागच्या दाराने आले. काकीने पदर पाहिला. "यमुने, ते कोनाचं? तुह्या घरचं ना? मंग तुह्या घरी ने. पैज माही हाय." मग माझा चेहरा पाहून जरा मऊ आवाजात म्हणाली, "मडके तू पुसले म्हनून जीव खाऊ नोको. पुसले तं पुसले. मले सहा महिने मजा आली."

तिने कोनाड्यातून एक काळे गाडगे काढले. ते आम्हाला माहीत होते, त्यावरून आम्ही तिला पाठीमागे हसायचोही. कोणतेही मडके संपले की ती त्याचा तळ खरवडून त्या गाडग्यात टाकायची. कुरडयांचा चुरा, तुरीची चुनी, मेथीचे दाणे, तीळ, जवस, खुल्याची देठे, कारल्याचे तुकडे. सव्वीस मडक्यांचे तळ. तिने ते सगळे परातीत ओतले, पाखडले, खरपूस भाजले आणि जात्यावर दळले. त्या पिठाला नाव नव्हते. रंग मातीचा होता. त्याचा तिने मीठ घालून घाटा शिजवला.

पहिल्या दिवशी काकाने तो डोळे मिटून गिळला. दुसऱ्या दिवशी विचारले, "यात काय काय हाय?" काकी म्हणाली, "तुमी आनलेले पावने सोडून समदं." तिसऱ्या दिवशी, आखाजीच्या आदल्या संध्याकाळी, त्याने वाटी चाटूनपुसून रिकामी केली आणि पुढे धरली. "आनखीन हाय?"

"नाई," काकी म्हणाली. "सरलं."

हा शब्द इतक्या आनंदाने कोणी उच्चारलेला मी पुन्हा ऐकला नाही. काका वाटी धरून तसाच बसून राहिला. मग हसू लागला. खरे हसणे, छत्रीच्या आधीच्या दिवसांतले. उठला, अंगणातून ओली माती आणली आणि बियाण्याच्या मडक्याचे तोंड स्वतःच्या हाताने लिंपले. त्या घरात फोडून पुन्हा बंद झालेले ते एकच मडके. मग कोनाड्यातला गेरूचा तुकडा भिजवून मडक्याच्या पोटावर तीन बोटे ओढली.

"हे कायचं चिन्ह?" काकीने विचारले.

"माहं."

"बरं. बोटं धुवा आदी, धोतराले पुससान."

आखाजी झाल्यावर काकी सहा महिन्यांनी पहिल्यांदा बाजारात गेली. मला वाटले, आता ही साखर तरी आणेल. तिने गेरू आणला, शेरभर.

मृगाच्या तोंडी बातमी आली की ती दूरची लढाई मिटली आणि कापसाचा भाव कोसळला. गावातली बोलणी बसल्या जागी बंद झाली. काका पारावरून आला, ताटावर बसला, भाकर मोडली आणि तशीच धरून बसला. मला वाटले होते आता काकी बोलणार, आणि बोलायचा तिला हक्कही होता. ती एवढेच म्हणाली, "फोडली तं सारा. सकाळी वावरात जायाचं हाय." सकाळी दोघे चिंचेच्या वावरात गेले, आणि तीन बोटांचे मडके काकाच्या डोक्यावर होते.

दुसऱ्या सालानंतर माझ्या नवऱ्याला अकोल्याला रेल्वेच्या मालधक्क्यावर काम मिळाले आणि आम्ही गाव सोडले. निघताना काकी घरी नव्हती. चंद्राने मला शिदोरी बांधून दिली आणि म्हणाली, मामी वावरात हाय, राखनीले.

खाचर चिंचेच्या वावराजवळून जाताना मी पाहिले. ज्वारी पुरुषभर उंच, कणसे दुधात आलेली. मधोमध माळा, आणि माळ्यावर काकी, पदर खोचून, हातात गोफण. खाली काका बैलांना चारा टाकत होता. बैलांच्या गळ्यात साधी पितळेची घंटा होती. पोपटांचा थवा कणसांवर उतरला. पोपटाची खोड अशी की एक कणीस पुरे खायचे नाही. दोन दाणे याचे, दोन दाणे त्याचे, आणि सगळ्यांची नासाडी. काकीने गोफण फिरवलीच नाही. ती कमरेवर हात ठेवून त्यांच्यावर ओरडत होती, साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असे:

"अरे मेल्याहो, एक कनीस फोडलं तं ते सारा आदी! मंग दुसऱ्याले चोच लावा!"

गाडीवान हसून हसून लोळायचा राहिला. मी हात हलवला, हाक मारली, पण तिचे लक्ष पोपटांकडे होते. त्यानंतर मी काकीला पाहिले नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती गेल्याचा निरोप अकोल्याला आला.

त्या दिवशी खाचरात माझ्या हातात शिदोरीतली अर्धी भाकर होती, चिंचेच्या वावराच्याच ज्वारीची. गाव सुटल्याने घास उतरत नव्हता आणि उरलेली मी बैलांना टाकणार होते. तिचा आवाज ऐकला, आणि मी ती भाकर रडत रडत शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.